कुलपाचा इंग्रजी खुलासा

मेमो डब्याच्या पिशवीतून घरात आला, त्यामुळे त्याला कैरीच्या लोणच्याचा वास होता. सातपूरच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं स्टोअरकीपर असलेल्या भिमाजी काकडांनी तो रिकाम्या डब्याखालून काढला, मांडीवर ठेवून तळहाताने सरळ केला आणि मुलापुढे सरकवला. सत्त्याण्णव सालचा दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. पवननगरच्या त्या सिडकोच्या घरावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं, आणि त्याखाली बसून असा कागद वाचणं जीवनला अशुभ नसलं तरी अशोभनीय वाटलं.

कागद इंग्रजीत होता. कारखान्याला दोन वर्षांपूर्वी जर्मन भागीदार मिळाला होता, आणि तेव्हापासून पाण्याची टाकी धुणार असल्याची सूचनासुद्धा इंग्रजीत लागत असे. ती न कळल्यामुळे कामगार गढूळ पाणी पीत असत, हा भाग वेगळा. मेमोचा मथितार्थ असा होता: शनिवारी, दसऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या फेरीत मुख्य स्टोअरचं कुलूप उघडं आढळलं. काहीही चोरीला गेलेलं नाही. तरीही हे कसं घडलं याचा खुलासा संबंधित कर्मचाऱ्याने गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत इंग्रजीत, टाइप करून, चार प्रतींत सादर करावा. तो समाधानकारक न वाटल्यास स्टोअरच्या किल्ल्या काढून घेण्यात येतील आणि कर्मचाऱ्याची बदली मागच्या भंगाराच्या आवारात होईल.

भंगाराचं आवार ऐकून भिमाजींचा चेहरा हलला नाही. किल्ल्या हा शब्द आला तेव्हा मात्र त्यांचा हात कमरेकडे गेला. तिथे सतरा किल्ल्यांचा जुडगा असे. भिमाजींना माणसं नावाने कमी आणि 'स्टोअरवाले काकड' म्हणून अधिक ओळखत. मखमलाबादची भाजीची वाफ्याएवढी जमीन भावांकडे सोडून ते शहरात आले, त्यानंतर त्यांच्या मालकीचं असं जगात जे काही होतं ते सगळं दुसऱ्याचं होतं आणि या जुडग्यामागे कुलूपबंद होतं.

जीवन इंग्रजी घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याचं इंग्रजी साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, कारण ते कोणी ऐकलेलं नव्हतं. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी, कुकरचं हमीपत्र, दुबईहून आलेलं एखादं पाकीट, हे सगळं त्याच्याकडे येई. तो ते वाचे, मान हलवी आणि हळू आवाजात अर्थ सांगे. बोलण्याचा प्रसंग येऊ नये याची तो काळजी घेई. तसा तो मराठीतही फार बोलत नसे. संध्याकाळी गच्चीवर उभं राहून पांडवलेण्यांच्या डोंगरामागे उतरणारं ऊन पाहणं आणि आपल्या आयुष्यात अजून काहीच कसं घडलं नाही याची हळहळ करणं, हा त्याचा नित्यक्रम होता. त्यामुळे वडिलांनी कागद पुढे सरकवला तेव्हा, काहीतरी घडतं आहे या भावनेने त्याला किंचित बरंच वाटलं.

अर्ध्या तासाचं काम आहे, असं तो म्हणाला. या वाक्याची लाज त्याला पुढे बरीच वर्षं वाटत राहिली.

वही उघडून त्याने रीतसर पहिला प्रश्न विचारला. “नाना, शुक्रवारी निघताना कुलूप लावलं होतं ना?”

“लावलं असंल,” भिमाजी म्हणाले.

“म्हणजे लावलं?”

“लावलंच असंल की. चोवीस वर्षं लावतोय.”

“मग उघडं कसं सापडलं?”

“ऱ्हायलं असंल,” भिमाजी म्हणाले, आणि पायात चपला सरकवून दळण आणायला गेले.

जीवन वहीपुढे बसून राहिला. मराठीतला 'असेल' म्हणजे ओटा आहे, असं त्याला वाटलं. खात्री असलेल्याने त्यावर बसावं, शंका असलेल्याने बसावं, आणि ज्याला काही सांगायचंच नाही त्यानेही तिथे येऊन घटकाभर टेकावं. ओटा कोणाला हटकत नाही. इंग्रजांनी मात्र होऊन गेलेल्या शक्यतेसाठी चार वेगवेगळी स्टुलं करून ठेवली आहेत आणि प्रत्येकाची उंची निराळी. घडलं असेल, कोण जाणे: मे हॅव. घडलंही असेल, पण पैज लावू नका: माइट हॅव. घडू शकलं असतं: कुड हॅव. घडलंच असणार, दुसरं काही संभवत नाही: मस्ट हॅव. बापाला यांपैकी कोणत्या स्टुलावर बसवायचं, एवढाच प्रश्न होता. त्याने सर्वांत सरळ दिसणारं पहिलं निवडलं. 'कुलूप लावायचं माझ्याकडून राहून गेलं असेल', असं मे हॅव घालून, दोन्ही बाजूंना नम्र वाक्यं लावून, त्याने खुलासा पुरा केला आणि समाधानाने गच्चीवर गेला.

मंगळवारी सकाळी तो शालिमारजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे तृप्ती नावाची मुलगी शिकवत असे आणि बाहेरचं कामही घेई. तिने चार कागदांत तीन कार्बन घालून ते यंत्रात इतक्या अचूक बसवले, की जीवनला आपण आजवर कोणतीही गोष्ट कशातही नीट बसवलेली नाही याची जाणीव झाली. तिने आधीच सांगून ठेवलं, की खुलाशाच्या कागदावर पांढरा रंग लावून खाडाखोड चालत नाही. कारखाने कागद परत करतात. शब्द बदलायचा तर पुन्हा चारही प्रती करायच्या. जीवन म्हणाला, बदलायचं काही नाही.

दुपारी शेजारच्या वत्सलाबाईंनी कागद वाचायला मागितला. त्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या लाल पेन्सिलीला काम उरलेलं नव्हतं. मेमोची बातमी त्यांना सखुबाईंनी, म्हणजे जीवनच्या आईने, कोथिंबीर निवडता निवडता दिली होती. जीवनच्या आईला कोणतीही गोष्ट पोटात ठेवली की पोटात दुखत असे. वत्सलाबाईंनी चष्मा पुसला, कागद हातभर लांब धरला, आणि मे या शब्दाभोवती गोल काढला. टाइप केलेल्या मूळ प्रतीवर. मोठ्यांनी आपल्या श्रमांवर रेघ मारली तर ती आशीर्वादासारखी स्वीकारावी, असे जीवनवर संस्कार होते.

“अरे, मे हॅव म्हणजे बोलणाऱ्यालाच ठाऊक नाही,” बाई म्हणाल्या. “ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याच्या हाती स्टोअर ठेवतील का? माइट लिही. माइट एक पाऊल मागे उभं राहून बोलतं.”

त्याने भीत भीत विचारलं, की मग कुड हॅव का नको. बाईंना असा प्रश्न फार दिवसांनी कोणी विचारला होता. कुड हॅवने शक्यता दाखवता येते, हे त्यांनी मान्य केलं. परंतु ऐकणाऱ्याला पुष्कळदा असं वाटतं, की करता आलं असतं आणि केलं नाही. हे स्पष्ट करण्यासाठी त्यांनी एक उदाहरण दिलं: तो प्राध्यापक होऊ शकला असता. वाक्य निव्वळ व्याकरणापोटी होतं. तरी ते उच्चारताना त्यांची नजर जीवनवर येऊन स्थिरावली आणि बराच वेळ तिथून हलली नाही. परीक्षेला अजून सहा महिने अवकाश असताना आपला भूतकाळ होऊन गेल्याचं जीवनने निमूटपणे पाहिलं.

संध्याकाळी तो पुन्हा शालिमारला गेला. तृप्तीने मेच्या जागी माइट घातलं, चारही प्रती पुन्हा केल्या आणि काही विचारलं नाही. विचारलं ते इन्स्टिट्यूटच्या मालकांनी. एका दिवसात दोनदा येणारा तरुण टायपिंगसाठी येत नसतो, हे त्यांना व्यवसायातल्या अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी जीवनला बाकावर बसवलं, मूळ गाव विचारलं, मखमलाबादच्या काकडांपैकी कोणते ते विचारलं, आणि शेवटी सहज म्हणून सांगितलं, की तीस शब्दांच्या गतीचा वर्ग एक तारखेपासून सुरू होतो, इथे येण्यासाठी कुलूप-किल्लीची निमित्तं काढण्याची गरज नाही. यंत्रांची टकटक क्षणभर थांबली. जीवनचे कान इतके तापले, की शालिमारपासून घरापर्यंत त्याला ऑक्टोबरचं ऊन वेगळं जाणवलं नाही.

माइटचं आयुष्य एका रात्रीचं ठरलं. बुधवारी सकाळी चार घरं सोडून राहणारा धनराज आला. तो त्याच कारखान्यात मशीन शॉपमध्ये होता आणि युनियनच्या कमिटीवर होता; त्यामुळे कोणाच्याही घरात शिरताना तो दाराशी क्षणभर थांबून गर्दीकडे पाहिल्यासारखं करी. त्याने खुलासा वाचला आणि मान हलवत राहिला, आजाऱ्याच्या उशाशी हलवावी तशी.

“हे रडकं काम आहे, जीवनभाऊ,” तो म्हणाला. “मॅनेजमेंटला माइट-फाइट कळत नाही. मस्ट टाका. दुसऱ्या कोणीतरी उघडलं असणार. बस्स, मॅटर क्लोज.”

“पण दुसरं कोण?” जीवनने विचारलं.

“ते आपण कशाला सांगायचं? नाव घ्यायचंच नाही. त्यांचं त्यांनी शोधावं.”

भिमाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला योग्य वाटंल ते लिवा. हे वाक्य घराघरांत बाप मुलाला म्हणत असतात, आणि मुलाला ते सन्मानासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती आपल्या खांद्यावरची गोणी असते. जीवनने गोणी घेतली. वाक्याचा कर्ताच बदलायचा होता, त्यामुळे परिच्छेद बदलला. परिच्छेद बदलल्यामुळे शेवटची नम्रता विसंगत दिसू लागली, तीही काढावी लागली. तिसऱ्यांदा टाइप झालेला खुलासा इतका बाणेदार झाला, की तो आपल्या वडिलांचा आहे यावर जीवनचा विश्वास बसेना. इन्स्टिट्यूटच्या दाराशीच धनराजने चारही प्रती ताब्यात घेतल्या आणि दुपारच्या पाळीला जाताना आवक खिडकीवर स्वतः नेऊन दिल्या.

तिथे जो कारकून बसला होता त्याच्याविषयी दोन शब्द लिहिणं हे कर्तव्य आहे. आवक खिडकीवरच्या कारकुनाने कागद परत केल्यामुळे कोणाचं भलं झाल्याचं उदाहरण मानवी व्यवहारात विरळच. या सद्गृहस्थाने खुलासा उलटापालटा करून पाहिला, विषयाच्या ओळीत मेमोचा जावक क्रमांक नाही असं बोट ठेवून दाखवलं, आणि चारही प्रती परत केल्या. धनराजने आवाज चढवून पाहिला. कारकुनाने खिडकीची फळी खाली ओढली, कारण चहाची वेळ झाली होती.

पहिल्या पाळीहून परतणाऱ्या एका कामगाराबरोबर कागद परत आले तेव्हा जीवनला वाईट वाटायला हवं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपण कशातून सुटलो हे कळेना, म्हणून तो अधिकच उदास झाला. दुसऱ्या कोणीतरी, हे शब्द त्याला दुपारभर खात होते. सुट्टीच्या दिवशी त्या बंद आवारात दुसरं असं होतं कोण? फेरी करणारा वॉचमन. कुलूप उघडं असल्याचं ज्याने कळवलं, तोच. हरसूलकडचा झिपरू म्हणून कोणी कंत्राटावरचा माणूस आहे, एवढं भिमाजींच्या बोलण्यात आलेलं होतं. त्याला काढून टाकण्यासाठी मेमोही लागला नसता. उद्यापासून येऊ नको, एवढं म्हणणं पुरेसं होतं. आपण अर्थ पाहून शब्द निवडत होतो, असं जीवनला वाटत होतं. आता त्याच्या ध्यानात आलं, की प्रत्येक शब्दाच्या पलीकडे एक माणूस उभा होता आणि आपण त्याला धक्का देत होतो.

तो चौथ्यांदा शालिमारला गेला. मस्ट काढून कुड घालावं, असं त्याने ठरवलं होतं. मग तेही नको वाटलं. मग तो बाकावर नुसता बसून राहिला. मालक आतल्या खोलीत जाऊन मुद्दाम खोकू लागले. तृप्तीने यंत्रावरचा हात काढला.

“एक विचारू?” ती म्हणाली. “बाबांना विचारलंत का, नक्की काय झालं ते?”

“विचारलं. लावलं असेल म्हणाले.”

“किती वेळा विचारलं?”

“एकदा.”

“मला तुम्ही तीनदा टाइप करायला लावलं,” ती म्हणाली, “आणि त्यांना एकदाच विचारलं.”

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. परंतु जीवनला वाटलं, की गेल्या कित्येक वर्षांत आपल्याशी कोणी इतकं थेट बोललेलं नाही. त्याने जावक क्रमांक कागदावर उतरवून तिच्याजवळ ठेवला, उद्या सकाळी येतो म्हणाला, आणि पायीच घरी निघाला.

घरासमोर एक सायकल उभी होती. तिच्या कॅरिअरला नागलीच्या पिठाची पिशवी बांधलेली होती. आत, भिमाजींच्या समोर पण त्यांच्या बरोबरीने नाही, उंबऱ्याला टेकून एक किडकिडीत माणूस बसला होता. त्याने खाकी शर्ट घरच्या पांढऱ्या पायजम्यावर घातला होता. सखुबाईंनी पुढे ठेवलेल्या चहावर साय धरली होती. तो झिपरू होता. कॅन्टीनमध्ये धनराजने सांगितलं होतं, की खुलाशात सगळं व्यवस्थित लिहिलं आहे, दुसऱ्याने उघडलं म्हणून. आणि त्या दुसऱ्याने ते शेजारच्या टेबलावर बसून ऐकलं होतं.

“भाऊ, तुम्ही लिवलं का?” त्याने जीवनला विचारलं. “मी नाय उघडला कुलूप. लावेलच होता तो. पण बसेल नव्हता.”

जीवन त्याच्यासमोर जमिनीवर बसला. त्याला पुढचा प्रश्न विचारावा लागला नाही. शनिवारी सकाळी फेरीवर असताना प्रत्येक कुलूप हाताने चाचपून पाहायचं, अशी झिपरूला ताकीद होती. स्टोअरच्या कुलपावर झेंडूचा हार होता, हळदीकुंकू होतं. देवाला चाचपायचं कसं, म्हणून त्याने आधी हात जोडले, मग हार तेवढा बाजूला करून पाहावं म्हणून हळूच उचलला. आणि हाराबरोबर कुलूपच हातात आलं. हाराचा दोरा कुलपाच्या कडीबरोबर आत दाबला गेला होता. कडी खाली आल्यासारखी दिसत होती, अडकलेली नव्हती.

“मग रिपोर्टात हाराचं का नाही लिहिलं?” जीवनने विचारलं.

“त्यात जागा नाय,” झिपरू म्हणाला. त्या छापील कागदावर दोनच चौकोन असतात, उघडं आणि बंद. त्याने उघड्यावर खूण केली होती. हार त्याने दाराशी ठेवला, कुलूप पुन्हा लावलं, आणि दोन दिवस त्याला झोप लागली नव्हती, ती पूजा आपल्या हातून मोडली म्हणून.

सखुबाईंनी पदराने तोंड पुसलं. हार त्यांनी ओवला होता, आणि दोरा दुहेरी घेतला होता, कारण गेल्या वर्षीचा मध्येच तुटला होता. दोष माझा आहे, असं त्यांनी जाहीर केलं. झिपरू म्हणाला, दोष त्याचा, त्याने हार उचलला. सकाळपर्यंत ज्या चुकीला धनी मिळत नव्हता तिच्यासाठी आता दोघं भांडू लागले होते. भिमाजी इतका वेळ भिंतीला टेकून होते. ते सरळ झाले.

“जीवन,” ते म्हणाले, “मी हिसका नाय दिला.”

चोवीस वर्षं त्यांचा नेम होता: कुलूप दाबायचं आणि खाली तीनदा हिसका द्यायचा. पाऊस असो, ताप असो, बस सुटत असो. शुक्रवारी खंडेनवमी होती. त्यांनी स्टोअर झाडलं, नट आवळायचे पाने, हातोडे, मापं मांडली, सगळ्यांना कुंकू लावलं. निघताना कुलूप कोयंड्यात अडकवलं, त्यालाही हळदीकुंकू वाहिलं, हार घातला आणि घट्ट बसावा म्हणून तो कडीत सारला. मग कडी दाबली. आणि मग हात हिसक्यासाठी पुढे गेला आणि थांबला. पूजा केलेल्या हत्याराला त्या दिवशी कोणी कामाला लावत नाही. शेतात असताना त्यांचे वडील त्या दिवशी विळासुद्धा उचलत नसत. ज्याच्या पुढे आत्ताच हात जोडले त्याला हिसका कसा द्यायचा? त्यांनी नमस्कार केला आणि बस पकडली. शनिवारी सगळा दिवस त्यांना ते आठवत होतं.

“मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं, नाना?”

“काय सांगू? कुलपाची पूजा केली म्हणून? त्यांच्या साहेबाला? हसतील, पोरा.” भिमाजींनी कमरेचा जुडगा चाचपला. “चोवीस वर्षांत एकदा नाय दिला. लावलं असंल म्हटलं, तर खोटं बी नव्हतं.”

पिशवीतलं पीठ सखुबाईंनी डब्यात ओतून घेतलं आणि पिशवीत वांगी घालून दिली. झिपरूची सायकल गल्लीच्या टोकाला वळली. आता खुलासा लिहिणं सोपं व्हायला हवं होतं. परंतु मनुष्यस्वभाव पाहा. जोवर सत्य ठाऊक नव्हतं तोवर जीवन अचूक शब्दासाठी तळमळत होता. ते कळलं, आणि त्याला त्याच धूसर शब्दांचा मोह पडला. हिसका द्यायचा राहून गेला असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं त्याने लिहून पाहिलं. त्यात झिपरू सुटत होता आणि किल्ल्याही वाचण्याजोग्या होत्या. भिमाजींनी ते मराठीत वाचून दाखवायला सांगितलं, ऐकलं, आणि कागद उलटा करून मुलापुढे ठेवला. जीवनने कोऱ्या बाजूवर लिहिलं. शुक्रवारी खंडेनवमी होती. मी कुलपाची पूजा केली, त्याला हार घातला, ते दाबलं. रोज मी त्याला तीनदा हिसका देतो. त्या दिवशी दिला नाही. वॉचमनने आपलं काम चोख केलं आहे. मग क्रमांक, दिनांक, आपला विश्वासू. इतकं लहान इंग्रजी त्याने सातवीनंतर लिहिलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी तृप्तीने ते टाइप करायला घेतलं आणि मध्ये एकदाही थांबली नाही. प्रती देताना तिने सगळ्यांत वरची पुन्हा वाचली. “हे कोणाला दाखवू नका आता,” ती म्हणाली, “चांगलं आहे.” जीवनला त्यावर पुष्कळ काही बोलता आलं असतं. तो हो म्हणाला.

आवक खिडकीवरच्या कारकुनाने या खेपेला क्रमांक तपासला, दिनांक तपासला, आणि दुसरं काही सापडेना म्हणून सांगितलं, की किल्ल्यांचा विषय असेल तर साहेबांसमोरच सादर करायचा असतो. साहेबांसमोर जायला जीवनला गेटपास लागत होता, आणि गेटपासवर भेटीचं कारण लागत होतं. त्याने 'वडील' असं लिहिलं. गेटवरच्या माणसाने ते थोडा वेळ पाहिलं आणि शिक्का मारला. पाचला वीस मिनिटं कमी होती.

पर्सोनेल ऑफिसर अहिरराव हे सटाण्याकडचे, रुंद बांध्याचे गृहस्थ होते. भिमाजींनी आत जाताच जुडगा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. मागितलेला नव्हता, तरी ठेवला. साहेबांनी खुलासा वाचला. मग पुन्हा वाचला. आतापर्यंत त्यांच्याकडे आलेल्या खुलाशांत कोणी काही केल्याचं किंवा न केल्याचं सहसा आढळत नसावं, कारण त्यांनी कागद उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

“काकड,” ते म्हणाले, “एक हिसका द्यायला काय झालं होतं?”

“साहेब, पूजा झालेली होती.”

अहिरराव साहेब खुर्चीत मागे टेकले. गावी त्यांची डाळिंबं होती, आणि त्या शुक्रवारी भावाने विहिरीवरच्या मोटारीला हार घातल्यामुळे ती दिवसभर सुरू केलेली नव्हती. झाडं तहानलेली राहिली, यावरून फोनवर दोघांत शब्दाला शब्द लागला होता. हे त्यांनी कोणाला न उद्देशता, पंख्याकडे पाहून सांगितलं. मग ते सावरून बसले. वॉचमनचा प्रश्न मिटला, ते म्हणाले. लेखी ताकीद मात्र द्यावी लागेल, वर जर्मनीपर्यंत दाखवायला. भिमाजींनी मान डोलावली. साहेबांनी जुडग्यावर हात ठेवला.

“आणि पुढच्या वर्षी पूजा झाल्यावरही हिसका देऊन बघाल. एवढं कबूल करा, म्हणजे झालं.”

किल्ल्या टेबलावर होत्या, वडिलांच्या हातापासून वीतभर. एक हो पुरेसा होता. साहेबांना तोच हवा होता, पुढचं वर्ष एक वर्ष लांब होतं, आणि हो म्हणून माणसं पुढे काय करतात हे कोणी पाहायला येत नाही.

“नाय साहेब,” भिमाजी म्हणाले. “त्या दिवशी नाय देणार.”

अहिरराव साहेब पुढे वाकले.

“मग काय करणार?”

“दुसरं कुलूप लावीन. त्याच्यावरून. त्याची पूजा नाय करायची, त्याला हिसका देईन.”

साहेबांनी जुडग्यावरचा हात काढला नाही. मग त्यांनी खण उघडला आणि एक छापील कागद काढून जीवनपुढे टाकला. मागणीपत्र होतं. दुसरं कुलूप हवं तर मागणी लेखी लागेल, ते म्हणाले, इंग्रजीत, आणि कारणाचा रकाना भरल्याशिवाय आपण त्यावर सही करत नाही.

जीवनने उभ्यानेच टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवला. कारणासाठी एकच ओळ होती. वत्सलाबाई नव्हत्या, धनराज नव्हता, वेळही नव्हता. त्याने लिहिलं: वर्षातून एक दिवस पहिलं कुलूप देव असतं.

अहिरराव साहेबांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि जुडगा टेबलावरून भिमाजींच्या बाजूला सरकवला. पेनाचं टोपण काढून ते सहीच्या जागेवर वाकले, आणि तिथेच थांबून, वर न पाहता त्यांनी विचारलं,

“किती लिव्हरचं हवं?”

“सात,” भिमाजी म्हणाले.